गालाखालची घडी

साहेब, ती घडी तुम्ही काढली.

आईच्या जुन्या घाघऱ्याचं कापड होतं ते, बंदुकीच्या दस्त्यावर, गाल टेकतो तिथं, मी घट्ट बांधलेलं. वरून तपासणी येणार म्हणून तुम्ही ओरडलात, "संगीता, सरकारी बंदुकीले गोधडी कायले? काढ ते. पुन्हा दिसली तर नोटीस."

मी सांगितलं होतं. हवेच्या दाबावर भुलीची सुई मारणारी ही वनखात्याची बंदूक. तिच्यावरची दुर्बीण उंच बसवली, तुमच्या लांब जबड्याच्या मापानं. माझा गाल लाकडाला टेकला की डोळा खाली राहतो, अर्धं चित्र काळं. गाल उचलला तर दिसतं, पण डोकं अधांतरी. डोळा केसभर हलला तरी नेम सरकतो.

तुम्ही हसलात. "मान लांब कर ना मंग."

त्याच आठवड्यात राळेगावकडे बिबट घरात शिरला. पुढच्या खोलीत बिबट, मागे स्वयंपाकघरात घरची म्हातारी वच्छलाबाई. बाहेरची वाट एकच, बिबट्याच्या अंगावरून. बाहेरून लोकांनी कडी घातलेली. छपराची मातीची कवेलू काढून मी वर पालथी पडले. दोन वाशांच्या मधे खांदा अडकला, मागे सरकायलाही जागा नाही.

आतून आवाज आला, "पोरी, झाला का नाही फोटो?"

"फोटो नाही आजी, बंदूक हाय."

"मंग मार ना! मुहूर्त काढून राह्यली काय?"

खाली लोक हसले. बिबट्यानं कान फिरवले.

गाल टेकवला, काळं. उचलला, बिबट्याची मांडी दिसली. घोडा दाबला. सुई धान्याच्या कोठीला लागली आणि बिबट्यानं स्वयंपाकघराच्या दारावर झेप घेतली. फळी तडकली. आजी आतून दाराला पाठ लावून उभी, तिची थट्टा बंद.

मी टोपी काढली, चुरगाळून गालाखाली दाबली. अख्खं गोल चित्र, चारी बाजूंनी स्वच्छ. दुसरी सुई मांडीत बसली. पण भूल चढायला वेळ लागतो. तेवढ्यात फळीतून पंजा आत गेला.

नोटीस आली ती मला. "नेमबाजीत हलगर्जी." घडीचा त्यात शब्द नाही. बंदूक अजून तशीच आहे, कापड लावायला अजून मनाई आहे, आणि पुढचा फोन आला की जायचं मीच.

दवाखान्यात वच्छलाबाईनं बांधलेला हात उशीवर ठेवून विचारलं, "दुसरी लागली वं पोरी, मंग पह्यली काहून नाही लागली?"

तिला उत्तर मी द्यायचं नाही, साहेब. तिच्या खाटेपाशी या आणि तुम्ही द्या. काहून नाही लागली?