पुस्तकातली माशी

निवृत्त रेंजर चंद्रभानने एका साहेबाच्या सामानाच्या लिलावातून तीन इंग्रजी पुस्तकं आणली होती. मासे भुलवायला गळाला पिसांची खोटी माशी कशी बांधावी, हे त्यांत होतं. वर्षभर चित्रं बघत त्याने कोंबड्यांची पिसं गुंडाळली. मग वणा नदीवर दोन दिवस बसला, पण एकही मासा लागला नाही.

शेजारी गळ टाकून बसलेल्या रामबाईने ती माशी हातात घेतली. "असा किडा इथं कधी पाह्यला तुमी?"

"पुस्तकात आहे."

"मंग पुस्तकातच गळ टाका ना, साहेब."

तिने पाण्यावरचा एक तपकिरी किडा उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. "मासे हा खाऊन राह्यले."

चंद्रभानने सोबत आणलेली तिन्ही पुस्तकं चाळली. "याचं चित्र कुठंच नाही," म्हणत त्याने किडा झटकून टाकला.

रामबाईला त्याची कीवही आली नाही. आपले चार मासे घेऊन ती घरी निघाली.