दोर हलका लागला

गोष्ट ऐकायची असते की तिची हाडं मोजायची असतात, हे माणसानं एकदा ठरवावं. रामनगरच्या शाळेत प्रशांत सरांनी पूर्णिमाला दुसरं शिकवलं आणि पोर ते घरी घेऊन आली. दिग्गीच्या अलीकडे, रानात विखुरलेल्या त्यांच्या वाडीत तोवर असलं खूळ कुणी आणलं नव्हतं.

सर मराठीचे, मूळचे खानापूरकडचे. गोष्टीत पात्रं असतात, जागा असते, काळ असतो आणि कुणाचं तरी कुणाशी वाकडं असतं, असं ते फळ्यावर लिहून मोकळे व्हायचे. त्यांचा खरा जीव निवेदकावर. गोष्ट सांगतोय कोण? तो तिथं होता का? नव्हता, तर त्याला हे कळलं कसं? याचं उत्तर गोष्टीत मिळालं नाही, तर सांगणारा एकतर कच्चा नाहीतर लबाड, असं ते ठासून सांगत. भाद्रपदात त्यांनी घरचा अभ्यास दिला. घरात नेहमी सांगितली जाणारी एखादी गोष्ट घ्या आणि तिची अशी उकल करा.

बाकीच्या पोरांनी कोल्ह्याच्या आणि भुताच्या गोष्टी घेतल्या. पूर्णिमाच्या घरात नेहमीची गोष्ट एकच होती, तिच्या बापाच्या मरणाची.

बाप कान्हू कड्यावर मध काढताना पडून मेला, तेव्हा ती रांगत होती. तिला वाढवलं वासूकाकानं, बापाच्या धाकट्या भावानं. त्यानं स्वतःचं लग्न केलं नाही, भावाची बायको आणि पोर सांभाळली, आणि शाळेसाठी पूर्णिमाला रामनगरला मावशीकडे ठेवली. दर वर्षी पितृपंधरवड्यात म्हाळाला जेवणाचं पान छपरावर ठेवलं, की कावळा शिवेपर्यंत मेलेल्याचा शेवटचा दिवस घरातल्या पुरुषानं सांगायचा, अशी त्यांची रीत. तो दिवस काका सांगायचा.

कड्याला आग्या मोहोळ लागलेलं. कान्हू कमरेला दोर बांधून खाली उतरला. वर दोर धरायला नागराज, म्हणजे पूर्णिमाचा मामा. मधाचा दोर मेव्हण्यानंच धरायचा, सख्ख्या भावानं कधी नाही, हा तिकडचा जुना नेम. भावाचा जमिनीत वाटा असतो, मेव्हण्याला बहिणीच्या कुंकवाची काळजी असते. काका त्या दिवशी सुप्याकडे कामाला गेलेला. माश्या उठल्या, दोर सुटला, कान्हू गेला. मामानं प्रेत पाठीवर आणून अंगणात ठेवलं, कुणाशी चकार शब्द काढला नाही आणि तोंड काळं केलं तो थेट गोव्याला. मामाच्या नावानं बोटं मोडतच पूर्णिमा मोठी झाली होती.

या गोष्टीत काका दर वर्षी एक वाक्य म्हणायचा, “आन दोर हाताला एकदम हलका लागला.” तिथं बायका डोळ्यांना पदर लावायच्या. अभ्यास करताना पूर्णिमा नेमकी तिथंच अडली. दोर हलका लागला, हे दोर धरणाऱ्यालाच कळणार. मामा तर कुणाशी बोललाच नाही. मग काकाला हे सांगितलं कुणी?

संशयाला एवढीशी फट पुरते. तिला काकाचे तळहात आठवले, दोन्हीकडे आडवे चट्टे असलेले. रान जाळताना भाजलं, असं तो सांगायचा, पण निखाऱ्यानं भाजलं तर दोन्ही हातांवर सरळ पट्टे कसे उठतील? काका मधाला बोटही लावत नाही, हे आठवलं. शेतावर आता त्याचं एकट्याचं नाव, हेही आठवलं. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात, पण पोरीनं आढ्यापासून मोजायला सुरुवात केली होती.

म्हाळाला ती घरी आली ती डोळे वटारूनच. काकानं तिच्यासाठी परसातली कणगी, तिच्या आवडीचे कंद, उकडून ठेवली होती, तिनं ती चिवडून बाजूला सारली. तो विहिरीवर गेला की ती त्याच्या पाठीकडे बघायची, तो घरात आला की हातांकडे. काका म्हणाला, वाळलीस गं, मावशी खायला घालत नाही काय? आधी याच बोलण्यावर ती हसली असती. आता तिला वाटलं, एवढी माया कशापायी? कावीळ झाली की सगळं पिवळंच दिसतं.

म्हाळाच्या दिवशी वाडीतली माणसं जमली. गुणा बुधवंतही आला. वाडीचे तंटे तोच सोडवायचा आणि त्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. पान छपरावर गेलं. काका गोष्ट सांगू लागला आणि त्या वाक्यापाशी आला.

“काका,” पूर्णिमा म्हणाली, “दोर हलका लागला, ह्ये तुला कसं कळलं? तू हुतास काय तितं?”

काका थांबला. त्यानं आधी हात मांडीखाली घेतले, मग कुणाकडेही न बघता उठून परसात गेला. कावळा शिवला, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पानं वाढली गेली, माणसं खाली मान घालून जेवली. निघताना बुधवंत पूर्णिमाच्या आईला, सुंदरीला, म्हणाला की उद्या सकाळी येतो, पोरीनं विचारलं ते काही वावगं विचारलं नाही. पूर्णिमाला आपण जिंकल्यासारखं वाटलं.

माणसं पांगल्यावर आईनं तिला चुलीपुढं बसवलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे बोलली.

मामा त्या दिवशी तापानं फणफणलेला होता. आईनंच त्याला जाऊ दिलं नाही. मोहोळ दुसरा कुणी नेईल म्हणून कान्हूला धीर निघेना, त्यानं भावाला उठवलं. नेम मोडून काकानं दोर धरला. प्रेतही त्यानंच आणलं. वाडीला हे कळलं असतं तर काय म्हणाली असती? जमिनीसाठी भावानं भावाला सोडला. त्याला वाळीत टाकलं असतं, त्याच्या घरात राहणाऱ्या विधवेला आणि पोरीलाही. मामा सडाफटिंग, त्याच्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. तो तापातच उठला आणि म्हणाला, माझं नाव सांगा.

“गोष्ट मी रचली,” आई म्हणाली. “ती एक ओळ तेवढी वासूभावजींची. मी कितीदा सांगितलं, ती गाळा. त्यांना ती गाळता येत न्हाई.”

पण पूर्णिमाच्या मानगुटीवर बसलेलं भूत एवढ्यानं उतरणारं नव्हतं. तिनं आईलाही तेच विचारलं. “तू तरी हुतीस काय तितं? काकानं सांगितलं त्येच न्हवं तुझं? दोर सुटला का सोडला, कुणाला ठावं?”

आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

“मी तितं नव्हते. पण त्यांच्या हातांना महिनाभर हळद मी लावली. कातडं सोलून निघालं हुतं, आत पांढरं दिसत हुतं. दोर घसरत गेला तरी त्यांनी मूठ उघडली न्हाई. कड्याच्या धारंला दोर तुटला, तवा हलका लागला. सोडणाऱ्याचं हात असं हुत न्हाईत, पूर्णिमा.”

ते चट्टे तिनं जन्मभर बघितले होते. याच हातांनी तिला उचललं, न्हाऊ घातलं, शाळेत पोचवलं, आणि तिनं त्यांनाच साक्षीला उभं केलं होतं, तेही उलट्या बाजूनं. तिला स्वतःची अतोनात लाज वाटली.

सकाळी बुधवंत आला. काका अंगणात खांबाला टेकून उभा होता, काय होईल ते होवो, अशा चेहऱ्यानं. तो तोंड उघडणार, तोच पूर्णिमा पुढं झाली. गोष्टीला भोक कुठं आहे हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, ते बुजवायचं कसं तेही.

“काल माझं चुकलं,” ती म्हणाली. “मामा जाताना आईजवळ तेवढं एकच बोलला हुता. आईनं काकाला सांगितलं. दोर मामानंच धरलेला.”

बुधवंतानं सुंदरीकडे बघितलं. तिनं मान हलवली. म्हातारा थोडा वेळ पान चघळत बसला. पटलं की पटवून घेतलं, देव जाणे. मग पोरीला शिकवून शहाणी करताय ते बरं आहे, पण म्हाळाला जरा गप बसवा, असं म्हणून तो उठला.

 काकानं उरलेली कणगी परत उकडायला टाकली.

पूर्णिमानं आईकडून मामाचा नंबर घेतला आणि देवळामागच्या टेकाडावर गेली, कारण फोन तिथंच लागायचा. या माणसाशी ती आयुष्यात कधी बोलली नव्हती, आणि आज सकाळी तिनं आपल्या तोंडानं त्याला पुन्हा एकदा चोर ठरवलं होतं. माफी मागायची म्हणून तिनं शब्द जुळवून ठेवले होते. पलीकडून हॅलो आल्यावर तिच्यानं फक्त नाव सांगवलं.

 मामानं विचारलं, “पावसात वासूदाचं हात अजून दुखत्यात काय गं?”

पूर्णिमाला सांगता येईना. तिनं काकाला हे कधी विचारलंच नव्हतं.