सासऱ्यांचा शिक्का

निवडणूक जवळ आली की आंधळ्या माणसाचा भाव वधारतो. एरवी अप्पा काठी टेकत गल्लीत निघाले की ओळखीची माणसंही श्वास रोखून बाजूने सटकायची; हाक कानावर पडली तर थांबून बोलावं लागेल ना! प्रचार सुरू झाला आणि हीच माणसं दिवसातून दोन-दोनदा दाराची घंटा वाजवू लागली. कुणाला अप्पांच्या गुडघ्यांची काळजी, कुणाला मतदानाला गाडी पाठवायची घाई. सून शिलाई मशीन थांबवून दार उघडायची, पत्रकं हातात घ्यायची आणि परत येऊन शिवण कुठवर आली होती ते शोधत बसायची. घरी बसून लोकांचे कपडे दुरुस्त करणाऱ्या बाईला या दिवसांत एक पँट धड पुरी करता येत नव्हती. वर ती लाऊडस्पीकरची गाडी होतीच, अगदी खिडकीखाली थांबून घसा साफ करणारी.

अप्पा मात्र मजेत होते. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस. आवाज ऐकला की माणूस बरोबर ओळखायचे. "तू मागच्या निवडणुकीला आला होतास," ते पाहुण्याला दारातच सुनवायचे. "मधे वाट चुकलास की काय?"

काचबिंदूने त्यांची नजर नेली होती, मत नव्हतं नेलं. आणि ते मत किटली चिन्हाला होतं. कारण साधं होतं. गेल्या वर्षी कोपऱ्यावरच्या उघड्या गटारात पडून त्यांची नडगी फुटली. तक्रार घेऊन गेले, तेव्हा शिडी चिन्हावर निवडून आलेल्या नगरसेवकाने भर ऑफिसात विचारलं होतं, "दिसत नाही तर बाहेर पडता कशाला?" बरोबर गेलेल्या सुनेला आपल्याच थोबाडीत बसल्यासारखं झालं होतं. गटार अजून उघडंच होतं आणि शिडीवाला पुन्हा उभा होता.

पण इथेच घोडं पेंड खात होतं. अप्पांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, पाण्याच्या टाकीवर कंत्राटी नोकरीला होता आणि कंत्राट शिडीवाल्याच्या मेव्हण्याचं होतं. महिनाअखेर माणसं कमी करणार, हे टाकीवर सगळ्यांना ठाऊक होतं. मुकादमाने एकेकाला बाजूला घेऊन गोड आवाजात सांगितलं होतं, "तुमच्या घरची तीन मतं धरलीत बरं का."

ज्याला दिसत नाही त्याने मतदानाला सोबत एक माणूस न्यायचा आणि त्या माणसाने मतपत्रिकेवर शिक्का मारायचा, असा नियम. सोबत आपणच जाणार, असं मुलाने गृहीत धरलं होतं. मतदानाच्या सकाळी अप्पांनी दाढी करता करता जाहीर केलं, "सूनबाई येईल माझ्याबरोबर."

"का? मी काय परका आहे?"

"तू परका नाहीस. तू कंत्राटी आहेस."

नवऱ्याने तिला स्वयंपाकघरात गाठलं. "शिडीवर मार," तो दबक्या आवाजात म्हणाला. "अप्पांना काय कळणार आहे?"

"अहो, त्यांचं मत आहे ते."

"आणि माझी नोकरी? त्या एका मताने किटली निवडून येणार आहे का? मग कशासाठी हा हट्ट?" त्याचा आवाज चढला आणि एकदम खाली आला. "मुकादम तिथेच टेबल टाकून बसणार. मला विचारणार. मला तोंडावर खोटं बोलता येत नाही, तुला माहितीये ना. एवढं कर माझ्यासाठी."

तो वाईट माणूस असता तर काही प्रश्नच नव्हता. तो घाबरला होता. गेले कित्येक दिवस त्याला जेवण जात नव्हतं, पानातलं तसंच राहत होतं. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. गॅस बंद केला आणि चपला घातल्या.

केंद्र शाळेच्या तळमजल्यावर असल्याचं कळवलं होतं, म्हणजे ते अर्थातच वरच्या मजल्यावर होतं. जिना चढून ज्या खोलीच्या रांगेत तिघं ताटकळले, ती खोली त्यांची नव्हतीच. दुसऱ्या खोलीत पुन्हा रांग. नवरा मत देऊन खाली गेला. तिनेही आपलं मत टाकलं. ते कुणाला, हे आजवर कुणी तिला विचारलं नाही. मग अप्पांची पाळी आली.

"यांना अजिबात दिसत नाही का?" अधिकाऱ्याने तिला विचारलं.

"ऐकू येतं," अप्पा म्हणाले. "मलाच विचारा."

अधिकाऱ्याने तिच्याकडून सही घेतली: मतदार सांगेल तिथेच शिक्का मारीन, आणि कुठे मारला ते कुणालाही सांगणार नाही. सही तिची तिलाच ओळखू येईना, इतकी वाकडी आली.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे दोघांना जेमतेम उभं राहता येत होतं. "वाच," अप्पा कुजबुजले. तिने वरपासून खालपर्यंत नावं आणि चिन्हं वाचली. शिडी आणि किटली एकाखाली एक होत्या, मधे नुसती रेघ.

"किटली," अप्पा म्हणाले.

शिक्का तिच्या हातात होता. बोटभर वर मारला असता तर नवऱ्याची नोकरी राहिली असती, अप्पा खुशीत घरी गेले असते आणि जगात कुणाला पत्ता लागला नसता. अप्पा मान किंचित वाकवून निवांत उभे होते. चाचपून पाहत नव्हते, "नक्की ना?" असंही विचारत नव्हते. या माणसाने एकदा तरी संशय घेतला असता तर किती सोपं झालं असतं, असं तिच्या मनात आलं आणि तिला त्यांचा चक्क राग आला. मग तिने किटलीवर शिक्का मारला, इतका जोरात की पलीकडच्या अधिकाऱ्याने मान वर केली. घडी घालून कागद अप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो पेटीत सोडला.

बाहेर रस्त्यापलीकडे शिडीवाल्यांचं टेबल होतं. नवरा मुकादमाशेजारी उभा होता, निकालाच्या दिवशी कच्चा विद्यार्थी उभा राहतो तसा. अप्पांना शाळेच्या भिंतीजवळच्या बाकावर बसवून, हातात पाण्याची बाटली देऊन ती रस्त्याच्या कडेला आली. नवरा जवळजवळ धावतच अलीकडे आला.

"झालं?"

"झालं."

"शिडी ना?"

त्याच्या तोंडाकडे बघून तिला नाही म्हणवेना. "शिडी," ती म्हणाली.

त्याचे खांदे सैल पडले. परत जाता जाताच त्याने अंगठा उंचावून मुकादमाला काम झाल्याची खूण केली. ती मागे वळली. बाकावर ऊन आलं होतं, म्हणून अप्पा भिंतीच्या आधाराने सावलीकडे निघाले होते, आणि तिच्या अगदी मागे उभे होते. गच्च भरलेल्या बसमध्ये मागच्या बाकावरची कुजबुज टिपणारे ते कान. सकाळपासून चेहऱ्यावर असलेली मिश्किली पार पुसली गेली होती.

"चल घरी," ते म्हणाले. तिने दंड धरायला हात पुढे केला, तर त्यांनी अंग चोरलं.

"अप्पा, मी खोटं बोलले."

"कुणाशी? त्याच्याशी की माझ्याशी?"

"त्यांच्याशी! शपथ घेऊन सांगते, किटलीवरच मारलाय."

"मारला असशील," अप्पा म्हणाले. "मला कुठे दिसतंय?"

त्यात टोमणा नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. पेटीतल्या ढीगभर कागदांत आपला कागद कोणता, हे तिलाही दाखवता आलं नसतं. तिच्याकडे होता तो फक्त शब्द, आणि तो ती आत्ताच दोघांना दोन तऱ्हांनी देऊन बसली होती. उद्यापासून ती त्यांना पेपर वाचून दाखवणार, औषधाची गोळी कुठली ते सांगणार, पुढे पायरी आहे म्हणणार. आणि प्रत्येक वेळी अप्पा मनात विचारणार, ही खरं सांगतेय की सोयीचं? ते काठीने रस्त्याची कड शोधत एकटेच पुढे निघाले होते.

"अहो!" तिने रस्त्यापलीकडे हाक मारली. रांगेतली माणसंसुद्धा वळली. "अप्पांचा शिक्का मी किटलीवर मारलाय! त्यांनी सांगितलं तिथेच!"

अप्पांची काठी थांबली. नवरा पांढराफटक पडला. मुकादम मात्र तयार गडी. हसत हसत उठला.

"काय वहिनी, एवढ्या उन्हात आमची गंमत करता?"

तो तिला वाट करून देत होता. नुसतं हसायचं होतं. नवऱ्याचे डोळे तिला विनवत होते, हस, हस ना.

"गंमत नाही," ती म्हणाली. "मघाशी यांना मी खोटं सांगितलं. यांना काही कल्पना नव्हती. काय राग काढायचा तो माझ्यावर काढा."

मुकादम अजून हसतच होता, पण आता तो तिच्याकडे बघत नव्हता. "उद्या टाकीवर जाऊ नकोस," तो तिच्या नवऱ्याला म्हणाला. "आधी ऑफिसात ये."

नवऱ्याने मान हलवली. रस्ता ओलांडून तो आला, तिच्या शेजारून आणि मग बापाच्या शेजारून गेला, आणि घराच्या दिशेने चालू लागला.

मुलाची पावलं लांब जाईपर्यंत अप्पा ऐकत राहिले. ती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"अगं, एवढं ओरडून कशाला सांगायचं?" ते म्हणाले. "घरी गेल्यावर मला पुन्हा एकदा शांतपणे सांगितलं असतंस."

"पटलं असतं?"

अप्पांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा हात तिच्यापुढे केला.

"नाही," ते म्हणाले.