चांद्याचा उजेड

"बैल चांगला हाये, भाऊ," इतवारी म्हणाली, "पण हा जित्ता हाये."

तिने वीतभर उंचीचा लाकडी नंदी ओट्यावर परत ठेवला आणि मुखरूच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मुखरूला आधी समजेना की हे कौतुक आहे की तक्रार. जिवंत वाटतो म्हणूनच तर लोक त्याचे नंदी मूलच्या बाजारात हातोहात उचलत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. त्या दिवशी पोरं लाकडी बैलांच्या गळ्यात दोरी बांधून दारोदार फिरतात. त्या पोरांच्या दोन पिढ्या मुखरूच्या नंद्यांवर वाढल्या होत्या. उरलेलं वर्ष तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर 'पाणी अडवा' लिहायचा आणि कोणी म्हटलं तर लग्नाच्या दारावर मोरही काढून द्यायचा. मोर त्याला जमत नसत. पण बैलाच्या बाबतीत त्याला कोणी नावं ठेवली नव्हती. ती आज इतवारीने ठेवली.

इतवारी गावाच्या जंगलाकडच्या टोकाला राहायची. नवरा कधीचाच गेला होता, मुलगा निकेश गडचांदूरला सिमेंटच्या कामावर होता, आणि घरात तिला सोबत म्हणजे लाल्या आणि चांद्या ही बैलजोडी. धानाची रोवणी आटोपल्यावर तिने दोघांना जंगलाच्या कडेला चरायला सोडलं आणि वाघाने चांद्याला धरलं. लाल्या एकटाच धावत घरी आला. त्या दिवसापासून त्याने नीट खाल्लं नव्हतं. चांद्याच्या खुंट्याकडे तोंड करून तो उभा राहायचा. शेजारच्या सुकलूने आपला एक बैल त्याच्या जोडीला आणून बांधून पाहिला, तर लाल्याने त्याला शिंगावरच घेतलं. निकेश फोनवर म्हणाला, आई, आता विकून टाक त्याला, धान ट्रॅक्टरने करू. त्याचंही चूक नव्हतं. इतवारी त्याला हो म्हणाली, पण एवढंच की पोळा होऊ दे. जन्मभर राबलेल्या जनावराला तोरणाखाली न नेता घराबाहेर काढायचं, हे तिच्या जिवाला पटत नव्हतं.

आणि नेमकी तिथेच अडचण होती. या गावात तोरणाखाली एकटा बैल उभा करत नाहीत. एकटा आला की अपशकुन होतो, असं जुने लोक मानतात. पोळा भरवणारे डोमाजी पाटील त्या बाबतीत कोणाचं ऐकणारे नव्हते. इतवारी त्यांच्या दारी जाऊन बसली तेव्हा ते एवढंच म्हणाले की बाई, जोडी आण. कुठून आणू, हे तिने विचारलं नाही. ती थेट मुखरूकडे आली आणि चांद्याचा नंदी करून मागितला.

मुखरूने जीव ओतून काम केलं. कपाळावरची चंद्रकोर तिने सांगितली तशी डावीकडे झुकती काढली, शिंगांना लाल हिंगूळ दिला, पाठीवर सोनेरी झूल रंगवली, वरून वॉर्निश मारलं. आता ही बाई म्हणते, हा जिवंत आहे.

"मंग कसा पायजे?" त्याने जरा घुश्शातच विचारलं.

इतवारी ओट्याच्या कडेला टेकली. तिच्या गोंड घरात गेलेलं माणूस गेलं म्हणून सोडून देत नसत. त्याला मानाने घरात परत आणून बसवत, आणि मग ते घरातलंच असायचं. फक्त ते पूर्वीसारखं नसायचं, हे घरातल्या पोरालाही ठाऊक असायचं.

"लाल्याले फसवाचं नाई मले," ती म्हणाली. "चांद्या मेला हे त्याले मायापेक्षा जास्त मालूम हाये. त्यानं डोयानं पाह्यलं. गेलेला चांद्या पायजे, भाऊ. दिवे लागणीच्या टायमाले मले गोठ्यात दिसते ना, तसा. अंगावर उजेड पडला असं नाई. उजेड आतूनच येते, कंदिलाच्या काचेतून आल्यावानी."

ती गेली, आणि मुखरूने तो झळकता नंदी हातात घेऊन बराच वेळ उलटा-सुलटा केला. राग ओसरला तसं त्याच्या लक्षात आलं की बाईचं बरोबर आहे. हा बाजारचा बैल होता. चांद्याचं त्यात कपाळ तेवढं होतं.

त्याने पॉलिश पेपर घेतला आणि स्वतःच्या हाताने वॉर्निश, झूल, हिंगूळ सगळं घासून काढलं. ते बघून त्याची बायको गुणाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हातारपणी बुद्धी फिरली की काय, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. पण ती तशी शहाणी. नवरा गप्प असला की तिने चहा द्यायचा आणि बोलायला लागला की ऐकायचं, यावर त्यांचा संसार निभला होता. तिने चहा दिला.

तेलाचा रंग चमकतो, आणि चमकलं की उजेड बाहेरून पडलेला वाटतो. तेव्हा तेलरंग बाद झाला. मुखरूने खडूची भुकटी वस्त्रगाळ केली आणि ती चिकटावी म्हणून गुणाबाईकडून तांदळाची घट्ट पेज मागून घेतली. पांढऱ्याचा एक थर दिला. बैल पांढरा झाला खरा, पण खडूचाच दिसायला लागला. मग त्याने कपड्यांची नीळ पाण्यात कालवली, चिमूटभर हळद टाकली आणि फिकट हिरवट-निळं पाणी तयार केलं. ते सवयीप्रमाणे खोलगट भागांत सोडलं, उंचवट्यांवर पांढरं ठेवलं. सारा जन्म त्याने असंच केलं होतं, कारण ऊन पाठीवर पडतं आणि सावली पोटाखाली राहते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. बैल पुन्हा उन्हात उभा राहिला.

त्याने तोही धुऊन टाकला. असे किती धुतले त्याची गणती नाही. गुणाबाईची पेज मात्र संपत गेली, आणि एकदा तिने वैतागून विचारलंच की तुमचा बैल जेवते का रंगते.

शेवटी चूल पेटलेली असताना त्याचं लक्ष आत गेलं. चुलीची कड काळी होती आणि उजेड होता तो खाचेत, लाकडं जळत होती तिथे. मुखरू उठला. त्याने सगळंच उलटं केलं. फासळ्यांच्या मधल्या खाचा, मानेची वळी, डोळ्याची खोबण, पोटाखालची पोकळी, जिथे जन्मभर काळं दिलं तिथे त्याने निखळ पांढरं भरलं. वशिंड, कंबरेची हाडं, शिंगांची टोकं, जिथे ऊन पडायचं तिथे निळसर पाणी थरावर थर देऊन मंद करत नेलं. डोळ्यांत काजळ घातलं नाही, बुबुळही काढलं नाही. शेवटी चार खुरांखालच्या लाकडी पाटीवर त्याने फिकट हिरवट हात फिरवला, म्हणजे पोटातला उजेड जमिनीवर सांडल्यासारखा दिसावा.

वाळल्यावर त्याने नंदी खोलीच्या कोपऱ्यात ठेवला आणि गुणाबाईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि दारातच थांबली. मग तिने डोक्यावर पदर घेतला.

"नेऊन द्या लवकर," ती हळूच म्हणाली. "वाट पाहून राह्यला तो."

मुखरूला मनातून फार बरं वाटलं. असं काम आपल्या हातून पूर्वी झालं नाही आणि पुढे होणार नाही, हे त्याला समजत होतं. खरं सांगायचं तर तो नंदी द्यावासाच वाटेना.

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्याने तो पोचवला. इतवारीने चंद्रकोरीवरून बोट फिरवलं आणि तिचे डोळे भरून आले. नंतर रीतीप्रमाणे तिने पळसाच्या पानावर लोणी आणि हळद घेऊन लाल्याचा खांदा मळला. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या, असं म्हणाली आणि तेच बोट लाकडी चांद्याच्या खांद्यावरून फिरवलं. खडूच्या रंगावर लोणी! मुखरूचा हात पुढे झाला. पण आवतण दोघांना होतं, तेव्हा त्याने तो मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी लिंबाच्या झाडाखाली तोरण लागलं. जोड्या ओळीने उभ्या राहिल्या, पोळ्याची गाणी, झडत्या, सुरू झाल्या. ओळीच्या शेवटी इतवारी आली. उजवीकडे लाल्या होता, बाशिंग बांधलेला आणि बरगड्या निघालेला. डावीकडे चांद्याच्या जागी तिने नंदी दोन्ही हातांनी लाल्याच्या खांद्याएवढा उंच धरला होता. दोन-तीन पोरं हसली. तान्हा पोळा उद्या आहे, असं कोणीतरी बोललंही.

डोमाजी काठी टेकत आले. लिंबाच्या सावलीत तो लहानसा बैल मंद उजळत होता. त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मुखरूला वाटलं, जणू आपणच ओळीत उभे आहोत.

"जोडी आण म्हटलं होतं, जोडी आणली," डोमाजी पोरांकडे वळून म्हणाले. "सरका, जागा द्या त्याहिले."

दोघं तोरणाखाली आले. तिथे लाल्याने मान वळवली. त्याने नंदीचा वास घेतला, फुंकर टाकली, पुन्हा वास घेतला. मग जीभ काढून तो चांद्याचा खांदा चाटू लागला. लोणी गेलं, त्याखालची पेज लागली, आणि तो मानेकडे सरकला, मानेवरून फासळ्यांकडे. जिभेच्या प्रत्येक फेरीबरोबर उजेड पुसला जात होता आणि खालचं ओलं लाकूड उघडं पडत होतं. मुखरू नकळत एक पाऊल पुढे आला.

इतवारीने नंदी मागे ओढला नाही. तिने मुखरूकडे पाहिलं.

"भाऊ, तुमचं काम..."

"चाटू दे," मुखरू म्हणाला. "त्याचाच हाये तो."

झडत्या थांबल्या होत्या. कोणी हसत नव्हतं. लाल्याचं चाटणं होईपर्यंत सगळ्या जोड्या उभ्या राहिल्या, आणि डोमाजींनी तोवर तोरण तोडून पोळा फोडला नाही. मग इतवारीने नंदी एका हातावर घेतला आणि आवतणाच्या ताटातली पुरणपोळी लाल्यापुढे धरली. लाल्याने ती तोंडात घेतली आणि सावकाश चावायला लागला. त्याच्या काळ्या नाकाडावर निळसर पांढरा रंग लागला होता, आणि इतवारीने तो पुसला नाही.