जहाजाचा आडोसा

रिव्हेटचं डोकं बोटाखाली गुळगुळीत लागत होतं... शेजारी दुसरं, मग तिसरं, ओळीनं बसवलेली, आणि रायभान गॅसकटर पेटवायचा सोडून त्यांवरून हात फिरवत उभा होता — बाप मेंढीच्या पाठीवरून फिरवायचा तसा. जालन्याच्या भंगारात कुठलं कुठलं लोखंड येऊन पडतं. पण हा जाडजूड पत्रा शिडाच्या जहाजाचा. ट्रकवाल्यानंच सांगितलं होतं — सगळं अंग लोखंडाचं, वर नुसती शिडं, वाऱ्यावर दर्या ओलांडायचं. पुढं शिडं उतरली, खाडीत धान्याची ने-आण केली, मग गाळातच रुतून बसलं. जपून ठेवू म्हणणारे पुष्कळ निघाले, ठेवणारा एकही नाही. रायभाननं समुद्र पाहिलेला नाही. "लोखंड तरंगतं व्हय?" असं त्याच्या बायकोनं, आसराबाईनं, हसून विचारलं, तेव्हा त्यालाही ते तरंगणं पटलं नव्हतं.

पण त्या दिवशी... भट्टीत ओलं भंगार पडलं, लोखंडाचा रस उसळला, आणि तो नेमका पाणी प्यायला या पत्र्याच्या आडोशाला आलेला. तापल्या लोखंडाचे शिंतोडे आदळले ते पत्र्यावर. सोबतच्या नागसेनचा दंड भाजला, तोही बरा होऊन कामावर आला. रायभानला ओरखडाही नाही — तरी झोपेत तो अजून भट्टीसमोरच उभा असायचा. देव तारी त्याला कोण मारी, सगळे म्हणाले. देवाचं खरंच, पण मधे उभा तर हा राहिला होता ना! म्हणून महिनाभर तो हा पत्रा कापायच्या ढिगात मागंमागं सारत आला होता.

"आज ह्यो भट्टीत गेला पाह्यजे," मुकादम सर्जेराव ओरडला. "नागसेन, तूच काप. रायभान नुसता गोंजारून राह्यला."

नागसेन हसत पुढं आला, आणि रायभान पत्र्यापुढं आडवा झाला — दुसऱ्याच्या हातानं? घरचं माणूस गेलं तर खांदा घरच्यांनीच द्यायचा असतो.

"थांब गड्या. मीच कापतो. त्यानं वाचवलंय मला."

"मंग बराबर हाय," नागसेन म्हणाला आणि बाजूला झाला. या वेळी तो हसला नाही.

रायभाननं गॅसकटर पेटवून ज्योत बारीक केली. याच्या सळया होतील, कुणाच्या तरी स्लॅबात जातील, खाली लेकरं खेळतील... किती जणांना सांभाळलंस रे बाबा, दर्यात आणि इथं! हे उपकार कसे फेडायचे ते त्याला कळेना, आणि फेडलेच पाहिजेत असंही वाटेना. काळ्या चष्म्याआड डोळे भरून आले. पत्रा अजून अखंड होता. पण त्यानं वाचवलंय असं मोठ्यानं बोलून झाल्यावर, आपण वाचलो आहोत हे त्याला आज पहिल्यांदाच खरं वाटत होतं...