ताईचे गमबूट

“जंत? माझ्या पोटात?” माळी हसलाच. “मॅडम, दगड खाल्ला तरी पचतो मला. दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट असेल.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “पोट दुखतं?”

“छे!”

“अंगाला खाज? खोकला?”

“काही नाही हो.”

“कामावर पायात काय घालता, काका?”

माळ्याने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. सारी उमर तो रोपवाटिकेत अनवाणीच वावरला होता. वाफ्यात पाऊल टेकलं, की मातीला पाणी हवं की नको हे त्याच्या तळव्याला कळे. चपला फाटकापाशीच राहत.

“तिथूनच शिरलेत ते,” बाई म्हणाल्या. “आपल्याकडच्या ओल्या मातीत असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. कातडीतून आत जातात आणि वर्षानुवर्षं गुपचूप राहतात. तुम्हाला काही जाणवत नाही, कारण तुमचं शरीर त्यांना दाबून ठेवतं. पण नवी किडनी टिकावी म्हणून तुमच्या ताईंची प्रतिकारशक्ती आम्ही मुद्दाम कमी करणार. तुमच्या किडनीबरोबर जंत गेले, तर त्यांच्या अंगभर पसरतील. जिवावर बेतेल.”

माळ्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. आई गेल्यावर याच ताईने त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. आता ती मशीनच्या आधाराने दिवस ढकलत होती आणि तिला किडनी देणार म्हणून तो गावभर छाती काढून फिरला होता.

“म्हणजे... माझी चालणार नाही?”

“असं कोण म्हणालं? गोळ्या घ्या. पुन्हा तपासू, मग पाहू.”

वॉर्डात ताई वाटच बघत होती. त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं.

“लहानपणापासून घसा कोरडा करतेय, मेल्या, पायात काहीतरी घाल!” ताई कडाडली. मग त्याचा चेहरा पाहून हळूच म्हणाली, “आणि काय रे, किडनीबरोबर बिऱ्हाडकरूही धाडणार होतास होय मला?”

दोघं इतकी हसली, की नर्सने दटावलं. माळी बाहेरच्या बाकावर येऊन बसला आणि तिथे मात्र त्याला रडू आवरेना. ठणठणीत माणसाचंही रक्त तपासून पाहावं, हे ज्या कुणाला सुचलं असेल, त्याचे त्याने मनोमन पाय धरले.

गोळ्या झाल्या, फेरतपासणी झाली आणि अखेर ऑपरेशनही पार पडलं.

बऱ्याच महिन्यांनी तो कामावर परतला, त्या सकाळी फोन वाजला.

“मी पाठवलेले गमबूट घातलेस?”

“घातले गं.”

“थापा मारू नकोस. चालून दाखव!”

त्याने फोन बुटांपाशी धरला आणि फताक फताक चार पावलं टाकली. पलीकडून ताईचं खणखणीत हसू आलं. किती दिवसांनी!

फोन खिशात ठेवून तो वाफ्यात जरा वेळ उभा राहिला. तळव्यांना काहीच कळेना. मग त्याने कुंपणाजवळची एक काडी उचलली, मातीत खुपसली, वर काढून तिचं टोक निरखून पाहिलं आणि नळ सोडला.