हौसाची लेक

"मादी आहे," श्रेया डबा उजेडात धरून म्हणाली. "हिची आई कोण?"

डब्यात सापाचं वीतभर पिल्लू होतं, पेन्सिलीएवढं जाड. नारिंगी अंग, त्यावर तांबडे डाग. कोपऱ्यात त्याची पहिली कात पडली होती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी.

"हौसा," सर्जेराव उंबऱ्याबाहेरून म्हणाले. "ती वरच्या पेटीतली."

"आणि वडील?"

"विजयसिंग. त्यो शेजारचा."

श्रेया पुण्याहून गाडी घेऊन आली होती. ती असे परदेशी साप पाळायची, त्यांची पिल्लं वाढवायची. जळोचीच्या या घरातले चार मोठे साप आणि हे पिल्लू ती घेऊन जाणार होती. सर्जेरावांच्या मुलानं, ऋषिराजनं, बंगळूरहून फोनवर सगळं ठरवलं होतं.

"म्हणजे शुद्ध कॉर्न स्नेक," ती म्हणाली. "दिसतेय पण तशीच."

सर्जेरावांना ऋषिराजनं सकाळीच बजावलं होतं, "तात्या, मिक्स हाय म्हणू नका. मिक्स कुणी नेत न्हाय. दिसतंय ना प्युअर, मग प्युअर म्हणायचं."

"न्हाय," सर्जेराव म्हणाले. "विजयसिंग एका घरचा. हौसा दोन घरची हाय. आई गोदा, ती तुमची कॉर्न. बाप तो खालचा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्याचा. चेअरमन."

"किंगस्नेक? तो तर दुसरे साप खातो."

"म्हणून तर आमच्या हिनं चेअरमन नाव ठिवलं. कारखान्याच्या विलेक्शनचं साल व्हतं."

श्रेया हसली. "मग गोदाला कसं नाही खाल्लं?"

"ही काठी घिऊन शेजारी बसलेली. म्हणाली, सून आणलीय, नीट वाग." सर्जेराव पेटीकडे बघत बोलत होते. "पुढं हौसा मोठी झाली. चेअरमन बाप, त्याच्यासंगं सोडायची न्हाय म्हणाली. अंथुर्ण्याला एक पोरगा साप पाळतोय, त्याच्याकडनं विजयसिंग आणला. स्थळ बघाय जावं तशी नवी साडी नेसून गेलती."

ही म्हणजे त्यांची बायको, शालन. सापांची पहिली जोडी ऋषिराजनं हौसेनं आणली, रीतसर नोंदणी केली आणि नोकरी लागल्यावर मागं ठेवून गेला. आधी तिनं पेट्या गोठ्यात नेऊन ठेवल्या होत्या. मग थंडी पडली आणि तिनंच त्या घरात आणून वर बल्ब टांगले. सर्जेराव सापाला हात लावत नसत. ती खोलीत साप धुऊनपुसून पेटीत ठेवायची तेव्हा ते उंबऱ्याबाहेर उभे राहून बोलायचे.

"बरं झालं सांगितलंत," श्रेया म्हणाली. "नाहीतर मी हिची पिल्लं पुढं शुद्ध म्हणून दिली असती."

"मग न्येताय न्हवं?"

"नेते की. फक्त डब्यावर लिहून ठेवते. नाव काय हिचं?"

"नाव ठिवलं न्हाय अजून."

"मग नंबर टाकते." तिनं मार्कर काढला.

"थांबा जरा," सर्जेराव म्हणाले.

नावं शालन ठेवायची, आणि तीही पहिली कात पडल्यावरच. एका वर्षी दारात हेळवी आला होता. त्यानं सर्जेरावांच्या घराण्याची वंशावळ खापरपणज्यापासून म्हणून दाखवली. शालन सुपात धान्य घेऊन ऐकत उभी होती. तो गेल्यावर म्हणाली, "एवढी माणसं झाली, बाई कुठं न्हायच की ह्यात." त्यानंतर तिनं नरांना मिरवायची नावं दिली आणि माद्यांना आपल्या माहेरच्या गेलेल्या बायकांची, गेल्या त्या क्रमानं. गोदा तिची आजी. हौसा तिची आत्या.

"आता हौसाच्या लेकीला कुणाचं?" सर्जेरावांनी विचारलं होतं.

"पुढची अजून जायचीय," ती हसून म्हणाली होती.

हौसाची अंडी तिनं ओल्या कोकोपीटात मांडली, डब्याला झाकण लावलं आणि त्याच आठवड्यात छातीत कळ येऊन ती गेली. चारातलं एकच अंडं फुटलं, तेही तिच्या मागं.

रोज दिवेलागणीला देवापुढं दिवा लावून ती या खोलीत यायची आणि मुलींना जेवायला बोलवावं तशी हाक द्यायची. गोदा. हौसा. ती गेली तरी हाका थांबल्या नाहीत. सर्जेराव ओट्यावर बसले की आतून आवाज यायचा. गोदा. हौसा. मग थांबायचा, तिसरं नाव ओठांवर येऊन अडल्यासारखा. ते उठून उंबऱ्यापर्यंत जायचे. आत पेट्यांवरचे पिवळे बल्ब, आणि हौसा काचेला तोंड लावून दाराकडे बघत असायची.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ऋषिराजनं लगेच त्यांना बंगळूरला उचलून नेलं असतं.

पुढची आता तीच होती, पण शालन हे नाव चालणार नव्हतं. ते त्यांच्या घरचं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं त्यांनीच लिहिलं होतं, आणि त्यानंतर एकदाही तोंडानं घेतलं नव्हतं. हाक मारायची तर अगं, नाहीतर ऋषीची आई. त्याआधीचं नाव लग्नपत्रिकेत एकदा वाचलं असेल, तेवढंच.

त्यांनी वरकुट्याला मेव्हण्याला फोन लावला.

"कुंडलिकराव, तुमच्या अक्काचं नाव काय व्हतं? लग्नाआधीचं."

पलीकडे ट्रॅक्टर चालू होता, तो बंद झाला.

"आज इचारताय व्हय, दाजी? लई लवकर आठवण झाली."

"काम हाय."

"आमी अक्काच म्हणायचो की." कुंडलिक थांबला. "आजी हाक मारायची. बना. कागदावर बनाबाई. कशाला पायजे, दाखल्याला?"

"पोरगी झालीय."

"कुणाला?"

"हौसाला."

साप कुंडलिकनं या घरी पाहिले होते, त्यांची नावंही त्याला ठाऊक होती. हौसाआत्याच्या कडेवर बसून तो लहानाचा मोठा झाला होता.

"ठिवा मग," तो म्हणाला. पलीकडे ट्रॅक्टर पुन्हा चालू झाला.

सर्जेराव उंबरा ओलांडून आत आले आणि बारशाला पाळण्यावर वाकावं तसे डब्यावर वाकले.

"सापाला कान नसतात, काका," श्रेया हळूच म्हणाली.

"ठाव हाय. ती बी सांगायची."

पिल्लानं जीभ बाहेर काढली, आत घेतली.

"कुर्र," सर्जेराव म्हणाले. मग बायकोला आयुष्यात पहिल्यांदा नावानं हाक मारली. "बना."

श्रेयानं डब्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: बना. आई हौसा, आजी गोदा. सर्जेरावांनी ते एकदा वाचलं. गाडीत पेट्या चढवताना त्यांनी डबा स्वतः धरला होता, श्रेया बसेपर्यंत.

दिवस मावळला. त्यांनी देवापुढं दिवा लावला आणि ओट्यावर येऊन बसले. शेजारच्या गोठ्यात धारा निघत होत्या. रस्त्यानं उसाची ट्रॉली गेली. ते आतल्या आवाजाची वाट बघत राहिले.

आवाज आला नाही.

अंधार पडला तेव्हा ते उठले. खोलीत पेट्या होत्या तिथं फरशीवर चार स्वच्छ चौकोन उरले होते. बल्ब तेवढे तसेच टांगलेले. त्यांनी बटण दाबून ते लावले आणि हाक द्यायला ती उभी राहायची तिथं जाऊन उभे राहिले.